सासूबाईंच्या वहीतल्या कृती व्हीगन करायच्या तर

दादरच्या एका ताईंनी विचारलंय. सासूबाईंच्या हस्ताक्षरातली पाककृतींची वही त्यांच्याकडे आलीय. नानकटाई, मावा केक, 'डब्याच्या दुधाचा' बिनअंड्याचा केक, रव्याचा केक, असं बरंच काही आहे त्यात. लेक दिवाळीला घरी येतेय आणि ती आता पूर्ण व्हीगन झालीय: दूध, दही, लोणी, तूप, अंडी, मध, काहीच चालत नाही. ताईंनी एक रंगीत तालीमही करून बघितली. तुपाच्या जागी सूर्यफुलाचं तेल, अंड्यांच्या जागी जवसाची पूड, दुधाच्या जागी खोक्यातलं बदामाचं दूध. नानकटाई ट्रेभर पसरून तिच्या चकत्या झाल्या. मावा केक मधोमध बसला आणि आतून गिच्च राहिला. आता वही मिटून ठेवावी आणि एखादी तयार व्हीगन कृती घ्यावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, वही उघडीच ठेवा. तुमचा घोळ झाला तो सगळीकडे फिरणाऱ्या अदलाबदलीच्या तक्त्यांमुळे. 'एक अंडं म्हणजे एक चमचा जवस', 'तूप म्हणजे तेवढंच तेल' असं ठोकून देणारे हे तक्ते कृतीचं तोंडही न बघता उत्तर देतात. नानकटाईत तूप जे काम करतं ते रव्याच्या केकमध्ये करत नाही. मावा केकमधल्या तीन अंड्यांचं काम वेगळं, ब्राउनीतल्या एका अंड्याचं वेगळं. त्यामुळे प्रत्येक कृतीपाशी थांबून दोन गोष्टी बघायच्या: हा जिन्नस इथे कशासाठी घातलाय, आणि घरच्यांना या पदार्थातलं नेमकं काय आठवतं.

दुसरी गोष्ट आधी उरका, कारण ती फुकट आहे. नणंदेला फोन करा, दिरांना विचारा, आईंच्या नानकटाईची काय आठवण आहे. मी क्लासला येणाऱ्या बायकांना हा उद्योग हमखास करायला लावते आणि 'साजूक तूप' असं उत्तर फार क्वचित येतं. कुणाला वेलची-जायफळाचा वास आठवतो, कुणाला वरच्या भेगा, कुणाला बेकरीतून भाजून आणलेला गरम पत्र्याचा डबा. त्यातली एकच गोष्ट निवडायची आणि तिला धक्का लागू द्यायचा नाही. बाकी जिथे सोडावं लागेल तिथे सोडायचं. सगळंच जसंच्या तसं हवं म्हणाल तर व्हीगनच्या वाटेला जाऊ नका, हे मी तोंडावर सांगते.

आणखी एक काम. कृती बदलायच्या आधी ती एकदा जुन्याच पद्धतीने, तुपादुधाची करा आणि प्रत्येक जिन्नस वजनकाट्यावर तोला. जुन्या वह्यांत 'एक वाटी तूप, दोन वाट्या मैदा, मावेल तेवढं दूध' असंच असतं. ती वाटी कुठली, आमटीची की मुदीची, हे लिहिणारीलाच ठाऊक. तूप थिजलेलं मोजलं की पातळ, यानेही फरक पडतो. एकदा ग्रॅममध्ये आकडे हाती आले की पुढचं अर्धं काम गणिताचं उरतं. शिवाय मूळ चव जिभेवर ताजी राहते, नाहीतर आपण आठवणीशी झगडत बसतो आणि आठवण दरवेळी जिंकते.

वहीत तूप लिहिलंय की डालडा, हेही नीट बघा. डालडा १९३७ मध्ये बाजारात आलं आणि नंतर कित्येक वर्षं मध्यमवर्गीय घरांत नानकटाई, शंकरपाळे, खारी याच वनस्पती तुपात झाली, कारण साजूक तूप परवडायचं नाही. पदराआड दडवून ठेवलेलं ते गुपित तुमच्या वहीतही निघू शकतं. वनस्पती तूप हे मुळात तेलच, त्यात दुधाचा अंश नाही. म्हणजे कृतीत डालडा असेल आणि दूध-दही नसेल तर ती नानकटाई पहिल्यापासूनच व्हीगन आहे आणि तुम्हाला काहीच बदलायचं नाही. आरोग्याचं म्हणाल तर जुन्या वनस्पतीत ट्रान्स फॅट भरपूर असे. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे खाद्यतेलं आणि वनस्पतीसाठी त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणलीय. रोज खायची गोष्ट ती तरीही नव्हे, पण दिवाळीच्या चार नानकटायांनी काही बिघडत नाही.

आता तुपाच्या नानकटाईबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही एक जमली की चरबीचा सगळा हिशोब समजतो.

नानकटाईत तूप आणि पिठीसाखर परातीत तळव्याने फेसतात ते उगाच नाही. थिजलेल्या तुपात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. मिश्रण पांढरं, हलकं होतं आणि तीच हवा ओव्हनमध्ये नानकटाईला फुलवते, भुसभुशीत करते. पातळ तेल कितीही फेसा, त्यात हवा टिकत नाही. वर ते पहिल्या मिनिटापासूनच वाहतं असल्यामुळे पीठ घट्ट व्हायच्या आत गोळा पसरतो. तुमच्या चकत्या झाल्या त्या यामुळे. म्हणजे इथे थिजणारी चरबीच लागते, आणि व्हीगन घरात ती दोन ठिकाणी मिळते: खोबरेल आणि वनस्पती.

खोबरेल म्हटलं की मालवणकडची माणसं सोडून बाकीचे नाक मुरडतात, डोक्याला लावायचं तेल म्हणून. घाण्याचं घेतलंत तर नाक मुरडणारे बरोबरच ठरतील, नानकटाईला खोबऱ्याचा वास येईल. बेकिंगला रिफाइंड, वास नसलेलं खोबरेल घ्यायचं. क्रॉफर्ड मार्केटच्या बेकिंगच्या दुकानांत किंवा मोठ्या किराणा दुकानात चौकशी करा. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं, त्यामुळे मुंबईत ते बहुतेक वर्षभर पातळच असतं आणि पंख्याखाली फेसायला घेतलं तर हाताच्या उबेनेच पाणी होतं. वनस्पती आपल्या हवेतही थिजलेलं राहतं, हवा धरून ठेवतं, पण तोंडात नीट विरघळत नाही, टाळूला चिकटतं. म्हणून मी दोन्ही निम्मं-निम्मं घेते. वनस्पती आकार सांभाळतं आणि खोबरेल जिभेवर पटकन विरघळतं.

प्रमाण असं: मैदा १५० ग्रॅम, बेसन ४० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, दोन्ही चरबी मिळून १२० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, सोडा चिमूटभर, मीठ चिमूटभर, वेलची आणि जायफळ तुमच्या वहीप्रमाणे. तूप म्हणजे जवळपास शंभर टक्के चरबीच, त्यामुळे वहीतलं तूप वजनाला वजन बदलता येतं. लोण्याचं तसं नाही. बाजारच्या लोण्यात साधारण ८० टक्के चरबी, उरलेलं बहुतेक पाणी आणि थोडं मीठ. कृतीत १०० ग्रॅम लोणी असेल तर ८० ग्रॅम चरबी आणि तीन छोटे चमचे पाणी किंवा सोया दूध, असं मोडून घ्यायचं. ही फोड न केल्यामुळे कित्येक बिस्किटं तेलकट होतात.

तुपाचा वास कुठून आणायचा, हा खरा अवघड भाग. शंभर टक्के तो येत नाही. पण जवळ जाता येतं. खोबरेल मंद आचेवर गरम करून त्यात एक विड्याचं पान टाका, लोणी कढवताना टाकतो तसंच. पान कुरकुरीत झालं की काढून टाका. याच तेलातल्या दोन चमच्यांवर ते ४० ग्रॅम बेसन मंद भाजा, लाडवाला भाजतो तितकं नाही, नुसता कच्चेपणा जाऊन खमंग वास सुटेपर्यंत. भाजलेल्या बेसनाचा वास आणि साजूक तुपाची आठवण आपल्या डोक्यात इतकी एकमेकांत मिसळलीय की खाणारा बरेचदा विचारतो, तूप कुठलं वापरलं. आणि मीठ विसरू नका, चिमूटच घाला, पण घाला. बिनमिठाची व्हीगन नानकटाई सपक लागते.

उरलेलं खोबरेल वनस्पतीत मिसळून फ्रीजमध्ये ठेवा आणि दर दहा मिनिटांनी ढवळा. लोण्यासारखं मऊ पण धरलेलं झालं की बाहेर काढा. दगडासारखं होऊ दिलंत तर फेसताना गुठळ्या राहतात. परात गार पाण्याच्या घमेल्यावर ठेवून पिठीसाखरेबरोबर तीन-चार मिनिटं फेसा. मिश्रण पांढरट झालं आणि बोटाने उचलल्यावर टोक धरू लागलं की पिठं चाळून घाला आणि नुसतं गोळा करा, मळू नका. मळलंत की मैद्याला चिवटपणा येतो. गोळे वळून, अंगठ्याने जरासे दाबून, ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये. पावसाळ्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात ही पायरी गाळायची नाही, आणि दिवाळी नेमकी त्याच उकाड्याच्या शेपटावर येते. ओव्हन आधी १६५ अंशांवर नीट तापवा, मग फ्रीजमधला ट्रे थेट आत. अठरा ते बावीस मिनिटं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, गरम नानकटाई मऊच असते आणि उचलायला गेलात की मोडते. भेगा पडल्या नाहीत तर बहुधा चरबी जास्त झालीय, पुढच्या खेपेला दहा ग्रॅम कमी करा.

मावा केकबद्दल मला थोडं कटू बोलावं लागेल. ग्रँट रोड स्टेशनजवळ १९१४ मध्ये सुरू झालेल्या बी. मेरवानच्या मावा केकवर या शहराच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्यामुळे मावा केकची चव कशी असते हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कुणाला फसवता येत नाही. ती चव दूध आटताना त्यातली साखर आणि प्रथिनं मंद आचेवर तांबूस होतात त्यातून येते. शिवाय या केकमध्ये अंडी बरीच असतात. अंडं कवच सोडून सुमारे ५० ग्रॅम भरतं, त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश पाणी. उरलेल्या भागातली प्रथिनं तापल्यावर गोठतात आणि केकचा सांगाडा उभा करतात. जवस पाण्यात भिजवलं की बुळबुळीत होतं, बांधून ठेवतं, पण तापल्यावर असं गोठत नाही. एका अंड्याच्या जागी चालून जातं. तीन अंड्यांच्या जागी घातलंत की केक फुगतो, सांगाडा नसल्यामुळे बसतो आणि आत तो बुळबुळीतपणा तसाच राहतो. तुमचं नेमकं हेच झालं. त्यात बदामाचं दूध. खोक्यातल्या त्या दुधात बदाम नावाला असतात आणि प्रथिनं नगण्य. सोया दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात, ती केकला आधारही देतात आणि रंगही. बेकिंगसाठी सोयाच घ्या, बिनसाखरेचं, बिनव्हॅनिलाचं. पाकिटावर 'दूध' शब्द दिसला नाही, 'बेव्हरेज' लिहिलेलं असलं तरी गोंधळू नका, नियमामुळे तसं लिहितात.

तर मावा. १०० ग्रॅम काजू तुकडा (अख्खे काजू घेऊन पैसे घालवू नका) तासभर गरम पाण्यात भिजवा, पाणी काढून २०० मिली सोया दुधाबरोबर गंधासारखं वाटा. जाड बुडाच्या कढईत एक मोठा चमचा वासरहित खोबरेल आणि एक चमचा साखर घालून हे वाटण मंद आचेवर परता. आधी ते खदखदतं, अंगावर उडतं, तेव्हा लांब दांड्याचा कालथा घ्या. मग घट्ट होऊन गोळा व्हायला लागतो आणि कडेने सुटतो. बहुतेक जणी इथे गॅस बंद करतात, कारण काजूकतलीला हात इथेच थांबतो. तुम्ही थांबू नका. आणखी पाच-सात मिनिटं, कढईच्या तळाला तांबूस पापुद्रा धरेल, तो खरवडून पुन्हा गोळ्यात मिसळा, पुन्हा धरू द्या, पुन्हा खरवडा. गोळ्याचा रंग सायीवरून बिस्किटी झाला आणि पेढ्याच्या दुकानासमोरून जाताना येतो त्याच्या जवळचा वास आला की झालं. दीडशे ग्रॅमच्या आसपास भरेल. नारळाचं दूध वापरून हे करू नका. घट्ट होतं छान, पण केक नारळाचा होतो.

काजूत जवळपास निम्मी चरबी असते, दुधाच्या माव्यात त्याहून बरीच कमी. म्हणून केकमधलं तेल कमी करायचं. वहीत १०० ग्रॅम लोणी असेल तर तेल ६५ ग्रॅम पुरे. मैदा १८० ग्रॅम, त्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, वेलची सढळ हाताने. पाऊण कप सोया दुधात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा, ते ताकासारखं फाटेल. साखर, तेल आणि कुस्करलेला काजूमावा या ताकात फेटून एकजीव करा, मिक्सरमधून एकदा फिरवलंत तरी चालेल. मैदा मात्र हाताने, पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळायचा आणि लगेच ओव्हनमध्ये. व्हिनेगर आणि सोडा भेटले की घड्याळ सुरू होतं. भांडं तसंच ठेवून फोन घ्यायला गेलात की बुडबुडे बाहेरच संपतात. १७० अंशांवर छोट्या कागदी वाट्यांत वीस-बावीस मिनिटं. मोठा केक करू नका, अंड्याशिवाय मधला भाग धरायला त्याला जड जातं. छोट्या वाट्यांत कडा लवकर धरतात आणि वरचा तांबूस कवचाचा भागही जास्त मिळतो, जो मावा केकमध्ये सगळ्यांना हवा असतो.

हा केक चविष्ट होतो. पण तो मावा केक होत नाही. पानात वाढताना 'काजू-वेलचीचा केक' म्हणा. 'आईंचा मावा केक' म्हणून वाढलात तर घरातला प्रत्येक जण तुलना करत खाईल आणि लेक बिचारी उगाच अवघडेल.

डब्याच्या दुधाचा केक सोपा आहे, त्याला फार शब्द देत नाही. मिल्कमेडमध्ये साखरच जवळजवळ निम्मी, उरलेलं आटवलेलं दूध. लोक नारळाचं दूध साखर घालून आटवतात आणि ते डब्याच्या जागी घालतात. चालतं, पण तासभर गॅसपाशी उभं राहायचं कशाला? या केकमध्ये घरच्यांना मऊपणा आवडतो, आणि तो तेल-व्हिनेगरच्या साध्या केकने सहज मिळतो: मैदा १९० ग्रॅम, साखर १८० ग्रॅम, तेल ८० मिली, वर सांगितलेलं सोयाचं ताक २४० मिली, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, व्हॅनिला. चॉकलेटचा हवा तर ३० ग्रॅम मैदा काढून तेवढी कोको पावडर. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत अमेरिकेत दूध, लोणी, अंडी यांच्याशिवायचे केक घरोघर होत होते, तेव्हा ही काही आजची फॅशन नाही. सासूबाईंच्या वेळचा तो काचेच्या खिडकीचा गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन अजून माळ्यावर असेल तर या केकला तो उत्तम, फक्त खालची आच तीव्र असते म्हणून भांड्याखाली जाळी ठेवा.

रव्याच्या केकमध्ये दही दोन कामं करतं: रव्याला भिजवतं आणि सोड्याला आंबटपणा पुरवतं. भिजवायला कुठलंही दूध चालतं, इथे नारळाचं घातलंत तर उलट बहारच येते. आंबटपणासाठी पाव छोट्या चमचा सोड्याला एक मोठा चमचा लिंबाचा रस, एवढं लक्षात ठेवा. दह्याची चवच हवी असेल तर शेंगदाण्याचं दही लावा: भिजवलेले शेंगदाणे वाटून, गाळून, ते दूध उकळून कोमट करायचं आणि त्यात हिरव्या मिरचीची देठं टाकून रात्रभर ठेवायचं. मुंबईच्या हवेत सकाळी लागलेलं असतं. पहिलं दही जरा उग्र लागतं, त्याच्या विरजणाने लावलेलं दुसरं बरं. रवा भिजल्यावर अर्धा तास ठेवून मगच सोडा आणि लिंबू, हे तुमच्या वहीतही असेलच.

काबुली चण्याच्या पाण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण लेक नक्की विचारेल. फ्रान्समध्ये २०१४ च्या सुमारास कुणाच्या तरी लक्षात आलं की चणे शिजवलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसतं, आणि २०१५ मध्ये त्याला अॅक्वाफाबा हे नाव पडलं. भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात बिनमिठाचे चणे शिजवा, ते पाणी चिकट होईपर्यंत आटवा आणि गार करून फेटा. मेरांगसाठी, म्हणजे अंड्याचा पांढरा साखरेबरोबर फेसून भाजतात त्या हलक्या गोड पदार्थासाठी, ते छान. पण तुमच्या वहीत मेरांग नाही, तेव्हा छोल्यांचं पाणी छोल्यांतच राहू द्या.

काही कृती मात्र मी व्हीगन करून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. गोव्याकडची बेबिंका, ज्यात अंड्यांचे बलकच सगळं काही करतात. चार-पाच अंडी फेसून केलेला स्पंज. यांच्यातून अंडं काढलं की कृतीच उरत नाही. अशा वेळी वहीत मागे जाऊन बघा. आपल्या कोकणात ओव्हन यायच्या आधीपासून वर-खाली निखारे ठेवून भाजायच्या गोष्टी आहेत आणि त्यातल्या कित्येकांत अंडं, दूध नव्हतंच. पावसाळी मोठ्या काकडीचं धोंडस घ्या, कुणी त्याला तवसाळं म्हणतं. काकडीचा कीस त्याच्या पाण्यासकट दोन वाट्या, भाजलेला तांदळाचा रवा एक वाटी, पाऊण ते एक वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, मीठ, वेलची किंवा सुंठ. तूप घालतात तिथे खोबरेल, आणि इथे घाण्याचंच, इथे त्याचा वास शोभतो. सगळं एकत्र शिजवून घट्टसर करा, तेल लावलेल्या भांड्यात थापून १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, वरून तांबूस कवच धरेपर्यंत. सासूबाई रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या असतील तर वहीच्या शेवटच्या पानांत, जिथे 'केक' हा शब्दही नाही, तिथे हे बहुधा सापडेल. मला विचाराल तर लेकीपुढे मावा केकपेक्षा हे ठेवावं. यात तुपाखेरीज काही बदललेलंच नाही, त्यामुळे कुणी तुलना करत बसणार नाही.

सामान आणताना हिरवा ठिपका बघून थांबू नका. तो शाकाहाराचा आहे, त्यात दूध, तूप, मध सगळं चालतं. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये वेगळे नियम आले आणि हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही अक्षर, त्याला कोवळं पान, असं चिन्ह ठरलं. पण साध्या मैद्यावर, तेलावर ते दिसेलच असं नाही आणि दिसायची गरजही नाही. बारीक अक्षरं वाचायची ती मार्गारीन, डार्क चॉकलेट आणि केकवर लावायच्या क्रीमच्या डब्यांवर. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या क्रीममध्येही कॅसिनेट असू शकतं, आणि ते दुधातलंच प्रथिन. कोपऱ्यावरच्या बेकरीतून खारी किंवा पाव आणणार असाल तर भट्टीवाल्याला सरळ विचारा, चरबी कुठली घालता आणि वरून लोणी फिरवता का. पावाचं पीठ बहुतेक ठिकाणी मैदा, पाणी, यीस्ट, मीठ आणि थोडी साखर एवढंच असतं.

काजू आणि सोया दोन्ही कुणाकुणाला सोसत नाहीत, तेव्हा फराळाला बाहेरचे पाहुणे असतील तर आधी सांगून ठेवा.

दिवाळीला घरी किती गर्दी असते ते मला ठाऊक आहे, म्हणून क्रम असा धरा. नानकटाई चार-पाच दिवस आधी करून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, कारण आपल्या दमट हवेत ती उघडी राहिली की संध्याकाळपर्यंत मऊ पडते. धोंडस आदल्या दिवशी. मुरल्यावर ते जास्त चांगलं लागतं आणि वड्याही सुबक पडतात. तेल-व्हिनेगरचा केक त्याच दिवशी सकाळी. काजूमावा दोन दिवस आधी करून फ्रीजमध्ये ठेवलात तरी चालेल, मात्र केक करायच्या तासभर आधी बाहेर काढा. गार गोळा ताकात मिसळत नाही आणि केकमध्ये त्याचे कण राहतात.